थाळी जिथे टेकली

कुवेतच्या विमानतळावर आमची बॅग यंत्रातून बाहेर आली आणि तिथल्या अधिकाऱ्यानं ती बाजूला ओढली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहू लागले. नको नको म्हणून सांगितलेली वस्तू बॅगेत आलेली आहे, हे मला तेव्हाच कळलं.

अधिकारी तरुण होता, हसरा होता. त्यानं चिवड्याची दोन पाकिटं काढली, मेतकुटाची बरणी काढली, ह्यांचा स्वेटर काढला आणि स्वेटरच्या घडीतून एक किलोची लाकडी थाळी काढली. कडेला लोखंडी पट्टी, मधे धातूची चकती. "शिनू हाधा?" त्यानं विचारलं. हे काय आहे, असं तो विचारतोय एवढं अरबी मलाही समजलं. ह्यांना इंग्रजी चांगलं येतं. 'डिस्कस' एवढा एक शब्द म्हटला असता तरी भागलं असतं. पण शब्दांनी भागवतील तर ते हे कसले. पंचाहत्तरीच्या ह्या माणसानं थाळी उजव्या पंजात घेतली, गुडघे वाकवले आणि भर रांगेत अर्धी गिरकी घेतली. मागची माणसं दोन पावलं सरकली. मी डोळे मिटून घेतले.

अधिकारी हसत सुटला आणि त्यानं स्वतःच्या हातानं सगळं पुन्हा बॅगेत भरलं. आम्ही बाहेर पडलो. पण थाळी अंगावर आली की डोळे मिटायचे ही माझी फार जुनी खोड आहे, आणि ह्या प्रवासात माझ्या मनात जे काही चाललं होतं त्याचं मूळ तिच्यात आहे. म्हणून ते आधी सांगून टाकते.

पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एक निमंत्रितांची आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा झाली. असल्या स्पर्धा तेव्हा नव्या होत्या. चुन्याच्या रेघा आम्ही विद्यार्थ्यांनीच मारल्या होत्या. मी शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकत होते, खो-खो खेळणारी, आणि मला काम मिळालं होतं थाळीफेकीच्या खुणा करायचं. थाळी जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकते तिथे लोखंडी खुंटी रोवायची, बस्स. पुढे ती घसरो, उडी मारो, त्याला अर्थ नाही. हे आम्हाला दहादा बजावलं होतं. पण शेवटच्या फेरीत नाशिकच्या एका उंच मुलाची थाळी सरळ माझ्याच दिशेनं आली आणि मी घाबरून डोळे मिटले. उघडले तेव्हा थाळी पुढे जाऊन पडली होती. गवत जिथे खरवडलेलं दिसलं तिथे मी खुंटी रोवली. ती घसरण्याची जागा होती. टेकण्याची खूण त्याच्या हातभर अलीकडे होती, ती मला खुंटी रोवून झाल्यावर दिसली. तोवर पंच फीत ताणत आले होते आणि माझी वाचा बसली होती.

त्या हातभरामुळे नाशिकचा मुलगा तिसरा आला आणि कुवेतहून आलेला एक खेळाडू चौथा. संध्याकाळी नाशिकचा मुलगा स्वयंसेवकांच्या तंबूपाशी आला, गोळी सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन. मी अपराधानं मान वर करू शकले नाही. त्यानं त्याचा अर्थ भलताच लावला आणि दोन वर्षांनी आमचं लग्न झालं.

कांस्यपदक आमच्या हॉलमध्ये टांगलेलं असायचं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे त्या स्पर्धेची गोष्ट सांगत आणि मी चहा टाकायला आत जाई. सांगायचं सांगायचं म्हणता वर्षं गेली. आणि आता मुलाकडे कुवेतला जायचं ठरल्यावर ह्यांनी एकच धोशा लावला होता: त्या चौथ्या आलेल्या माणसाला शोधायचं.

महबूला

आमचा अभय इथे पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर आहे. महबूलात नवव्या मजल्यावर त्याचं घर. गॅलरीत एका विशिष्ट कोपऱ्यात उभं राहिलं, तर दोन इमारतींच्या फटीतून समुद्र दिसतो. अभय त्याला 'सी व्ह्यू' म्हणतो. खाली बकाला, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. मालक केरळचा. फोन केला की कोथिंबिरीची जुडीसुद्धा नवव्या मजल्यावर येते. सोय आहे, पण दारावर कोणी हाळी देत नाही, घासाघीस नाही, त्यामुळे मला पहिले दोन दिवस काही विकत घेतल्यासारखंच वाटेना.

नात रेवा बारा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं झकास चालतं. "आजी, आय ॲम फुल," म्हणून तिनं तिसरं थालीपीठ नाकारलं आणि पाचच मिनिटांनी चिवड्याचं पाकीट फोडलं.

सकाळी आम्ही दोघं समुद्रकाठी फिरायला जायचो. जानेवारीतली तिथली हवा नाशिकच्या पौषासारखी, कानटोपी लागते. हे दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम करत चालायचे. डावा गुडघा गेल्या वर्षी बदललाय. येणारेजाणारे वळून पाहायचे. तिसऱ्या दिवशी मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय. जुनं आहे."

"किती जुनं?"

"आपल्या लग्नाच्या आधीचं."

ह्यांनी बाटल्या खाली घेतल्या. "तो माणूस भेटला की मग सांग," असं म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचा रागही आला.

त्याच दुपारी ह्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात मला रुमालात गुंडाळलेलं पदक दिसलं. तिथेही मिरवायचा बेत दिसतोय, असं मनात म्हणून मी ते होतं तसं ठेवून दिलं. हरलेल्या माणसाला पन्नास वर्षांनी जिंकलेलं पदक दाखवायचं म्हणजे काय, असं वाटून मला त्या माणसाची फार दया आली.

सालमिया

त्या माणसाचा पत्ता लावला तो इक्बालभाईंनी. ते मंडणगडकडचे. सालमियात तीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवतात आणि इथले पुरुष घालतात ते पायघोळ पांढरे दिशदाशे शिवतात. अभय पॅन्ट लांडी करायला गेला असताना त्यानं गप्पांत मोबाइलवर त्या स्पर्धेचा जुना फोटो दाखवला होता. फोटोत विजयाच्या ठोकळ्यांवर तिघं उभे आहेत. ठोकळ्यांच्या बाजूला चौथा आहे. तो कॅमेऱ्याकडे पाहत नाही, लांब मैदानाकडे पाहतोय. आमच्या घरातला हा फोटो मी कधी नीट पाहिला नाही. धूळ पुसतानासुद्धा कडेकडेनं पुसायची.

"चेहरा नाय वळखला मी," आम्ही दुकानात गेलो तेव्हा इक्बालभाई सांगत होते. गळ्यात फीत, कानावर खडू. "खांदा वळखला. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटा खाली. तीस वर्षां माप घेतोय त्या खांद्याचा. बू नासरचा खांदा हाय तो."

बू नासर म्हणजे नासरचा बाप. थोरल्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारायची इथली रीत. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव टाळण्यासाठी 'अभयचे बाबा' म्हणायच्या, तेच इथे गावभर चालतं.

इक्बालभाईंनी सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला आणि ह्यांचं नाव सांगितलं. पलीकडून घोगरा, हळू आवाज आला. ह्या वयाच्या पुष्कळ कुवेतींना मोडकं हिंदी येतं. त्यांच्या वाडवडिलांची गलबतं मुंबईला येत-जात असत, आणि स्टोव्हला ते आजही 'चूला' म्हणतात.

"माधव?" आवाज म्हणाला. "पूना का माधव? लंबा माधव?"

"हां, लंबा माधव," हे म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. मी ह्यांचा हात धरला. दुसऱ्या हातानं मी पदराचं टोक पिळत होते.

शुक्रवारी वाळवंटात त्यांच्या खैम्यावर, म्हणजे तंबूवर, जेवायला यायचं ठरलं. फोन ठेवल्यावर इक्बालभाई माझ्याकडे पाहून म्हणाले, "मावशी, तुमी कसला टेन्शन घेतलाय? म्हातारा दिलदार हाय. खाल्ल्याबिगर तेवढा सोडायचा नाय."

दिलदार माणसापुढेच जास्त भीती वाटते, हे त्यांना कसं सांगणार?

जहराच्या पुढे, शुक्रवार

वाळवंट म्हटलं की मला वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे यायच्या. तसं काही नव्हतं. सपाट, कडक जमीन, बारीक खडी, मधूनमधून गुडघ्याएवढी हिरवट झुडपं आणि दूरवर विजेचे मनोरे. पोटापाण्यासाठी घरं बांधून राहिलेली ही माणसं थंडीत मुद्दाम तंबू ठोकून राहायला येतात. मात्र तंबूत गालिचे, लोड, जनरेटर, टीव्ही, सगळा सरंजाम. आपण हुरडा खायला शेतावर जातो त्यातली मजा आणि लग्नघरातली गर्दी एकत्र केली की हा प्रकार होतो.

इक्बालभाईही आमच्याबरोबर आले होते, सवयीनं गळ्यात फीत घेऊनच. बू नासर तंबूच्या दारात काठी टेकून उभे होते. ताठ, उंच, डोक्यावर पांढरा रुमाल आणि काळी दोरी. आणि खरंच उजवा खांदा खाली. इथे जवळची माणसं नाकाला नाक लावून भेटतात. ह्यांना ते ठाऊक नव्हतं. ते पुढे झुकले, हे भलत्या बाजूला झुकले आणि दोघांचे चष्मे एकमेकांत अडकले. ते सोडवण्यात इतका वेळ गेला की डोळे कशानं ओले झाले हे कोणालाच सांगायला लागलं नाही.

मला बायकांच्या तंबूत नेलं. उम्म नासर, म्हणजे बू नासरांची बायको, माझ्याच वयाची, मेंदीनं लाल झालेल्या हातांची. मी मांस खात नाही हे इक्बालभाईंनी आधीच कळवलं होतं. तिनं माझ्यापुढे बाजिल्ला ठेवली, उकडलेल्या मोठ्या दाण्यांची उसळ, आपल्या पावट्याची थोरली बहीण. वर लिंबू आणि तिखट. मी दोन वाट्या खाल्ल्या. तिनं नाशिकचा चिवडा चहात बुडवून खाल्ला, तेव्हा मी फक्त मान वळवली.

मग वेलदोडे घातलेली पिवळसर कॉफी आली, बोटभर पेल्यात. संपली की पुन्हा भरत. नको म्हटलं की हसत आणि भरत. सातव्या पेल्यानंतर माझं काळीज धडधडायला लागलं. शेवटी उम्म नासरनं माझं मनगट धरून पेला दोनदा हलवून दाखवला. असा हलवला की पुरे, असा अर्थ. एवढीशी खूण आधी ठाऊक असती तर सहा पेले वाचले असते.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. हे थाळी घेऊन उभे होते. अभय म्हणत होता, "बाबा, गुडघा." बू नासर म्हणत होते, "एक. सिर्फ एक. खडे खडे." त्यांनी काठी बाजूला ठेवली होती. त्याच काठीनं जमिनीवर वर्तुळ काढलेलं होतं. मला पाहून हे म्हणाले, "खुणेला कोण? आमच्याकडे कॉलेजचं माणूस आहे." आणि तंबूची लोखंडी खुंटी माझ्या हातात दिली.

ती खुंटी घेऊन मी चालत पुढे गेले. एकाहत्तराव्या वर्षी, साडीवर स्वेटर, पायांत नातीचे बूट. मागं वळून पाहिलं. दोन म्हातारे वर्तुळाशी उभे होते.

आधी बू नासर. त्यांनी हात दोनदा मागेपुढे झुलवला आणि सोडला. थाळी कलती गेली आणि एका मऊ जागी धप्प करून तिथेच बसली. मी खुंटीनं फुली काढली. थाळी परत नेऊन देण्यात आली. मग हे. थाळी बोटांतून सुटली, नीट सपाट फिरत आली, माझ्याच दिशेनं. मी एक पाऊल बाजूला झाले आणि डोळे उघडे ठेवले. पाणी आलं तरी उघडेच ठेवले. थाळी बू नासरांच्या फुलीच्या वीतभर अलीकडे कडक जमिनीला टेकली, ठिणगी उडाल्यासारखा आवाज झाला, आणि घसरत घसरत फुलीच्या पुढे जाऊन थांबली.

तिकडे टाळ्या पडल्या. बू नासरांनी स्वतःच ह्यांचा हात वर केला. "माधव! माधव फर्स्ट!"

मी खाली बसले. खडीत थाळीच्या कडेचा चंद्रकोरीसारखा खळगा पडला होता. मी खुंटी त्या खळग्यात ठेवली आणि दगडानं ठोकली.

दोघंही चालत आले. हळू, एकमेकांच्या आधारानं. बू नासरांनी थाळीकडे बोट दाखवलं. "इधर, बहन."

"नहीं," मी म्हणाले. "थाली पहले यहाँ गिरी. फिर फिसली." आणि मग थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते, म्हणून तशीच बोलत गेले. "उस दिन भी फिसली थी, भाईसाहब. पूना में. निशान लगानेवाली लडकी मैं ही थी. मैंने डर के मारे आँखें बंद कर लीं. फिर गलत जगह खुंटी लगा दी. बाद में समझ में आया, पर मैं चुप रही. तीसरे आप थे."

वारा होता. बू नासर वाकून त्या खळग्याकडे पाहू लागले. ह्यांच्याकडे पाहायचा मला धीर होईना. खाली खुंटीकडे पाहतच मी म्हटलं, "तुमचं पदक खरं नाही हो. माझ्यामुळे."

"ठाऊक आहे," हे म्हणाले.

मी मान वर केली.

"अगं, थाळी सुटते तेव्हाच बोटांना कळतं कुठवर जाणार. आणि ती टेकताना मी पाहिली होती. खुंटी हातभर पुढे होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं नाव आलं असतं. सगळ्यांसमोर बोलले असते तुला." हे जरा अडखळले. पंचाहत्तराव्या वर्षी ह्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. "मला वाटलं, एका मुलीनं आपल्यासाठी एवढं केलं. आपण तिला तोंडघशी कसं पाडायचं?"

"तुमच्यासाठी?"

"मुद्दाम केलं नव्हतंस?"

"मी डोळे मिटले होते."

"मग तंबूत खाली मान घालून का उभी होतीस?"

म्हणजे हा मनुष्य मी त्याच्यावर भाळून लबाडी केली असं समजून सोडा घेऊन आला, त्याच समजुतीवर त्यानं मागणी घातली आणि त्याच समजुतीत पन्नास वर्षं सुखानं संसार केला. ह्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी लपवत होते ते ह्याला पाठ होतं. दोघंही सारखेच लबाड. फक्त मी शरमेनं गप्प होते आणि हे मला सांभाळायला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

ह्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला. मला वाटलं माझ्यासाठी. त्यांनी तो उलगडला आणि पदक बू नासरांच्या हातावर ठेवलं. मिरवायला आणलं नव्हतं तर. कारण न सांगता, भेट म्हणून देऊन टाकायचं आणि माझं नाव त्यात कुठेच येऊ द्यायचं नाही, असा बेत होता. तो मी मोडला होता.

बू नासर नको म्हणतील, परत देतील असं मला वाटलं. आपल्याकडे निदान दोनदा तरी नको म्हणतात. ते एकदाही नको म्हणाले नाहीत. त्यांनी पदक मुठीत धरलं, मग सोडून पाहिलं, पुन्हा धरलं. "मैं देखा था," ते हळू आवाजात म्हणाले. "थाली किधर गिरा, मैं देखा था. घर आया, सब को बोला. भाई को, वालिद को, बीवी को. सब हँसता था. बोलता था, हारनेवाला ऐसाच बोलता है."

मला आठवला तो फोटोतला चौथा माणूस, लांब मैदानाकडे पाहणारा. तो माझी खुंटीच पाहत होता. मी त्यांची हात जोडून माफी मागितली. त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांवर आपला मोठा, सुरकुतलेला पंजा क्षणभर ठेवला. मग तोच पंजा वर केला, चार बोटं ताठ धरली आणि त्यातलं एक मिटलं.

तशीच तीन बोटं वर धरून, काठी न घेता, ते बायकांच्या तंबूकडे चालू लागले. उम्म नासर दारात आली होती. ते काहीतरी अरबीत बोलले. तिनं पदक हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि लाल झालेल्या हातानं नवऱ्याच्या दिशदाशाची मुरडलेली कॉलर सरळ केली. ती काय म्हणाली ते मी इक्बालभाईंना विचारलं.

"म्हणतेय, एवढी वर्षां मी हसले त्याचा काय आता?" इक्बालभाई म्हणाले. त्यांनी गळ्यातल्या फितीनंच डोळे पुसले.

नाशिक रोड

येऊन महिना झाला. हॉलमध्ये पदकाची जागा रिकामी आहे, खिळा तेवढा आहे. मी त्यावर कॅलेंडर लावू म्हटलं, ह्यांनी लावू दिलं नाही. बू नासरांनी इक्बालभाईंकरवी फोटो पाठवलाय. तंबूच्या मधल्या खांबाला पदक टांगलंय आणि त्याच्याखाली, दोरीनं बांधून, ती लोखंडी खुंटी.

पाहुणे आले की खिळ्याकडे पाहतात. हे पूर्वीच्याच उत्साहानं गोष्ट सांगतात, आता खरी. मी चहा टाकायला आत जात नाही, तिथेच बसून ऐकते. शेवटी पाहुणे माझ्याकडे वळून विचारतात, खरंच भीतीनं डोळे मिटले होते का? मी होय म्हणते. हे माझ्याकडे पाहून नुसते हसतात. ते ह्यांना अजूनही पटलेलं नाही, आणि मीही आता पटवायला जात नाही.